कुलवृत्तांतात न लिहिलेली गोष्ट

आमच्या घरी जाडजूड कुलवृत्तांत आहे. मूळ गाव कोणतं, इंदूरला पहिलं कोण आलं, कुणाला किती मुलं, सगळं त्यात सापडतं. कोण कशाने गेलं, हे मात्र कुठेच नाही. पणजी 'पोटात पाणी होऊन' गेली, एवढंच घरात सांगतात. तिची मुलगी, म्हणजे आजोबांची बहीण, बडोद्याला दिली होती. तिला 'गाठ झाली होती', तेही आवाज खाली आणून.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचा, आमच्या बडोद्याच्या आत्याचा, फोन आला. तिला बीजकोशाचा कर्करोग झाला होता. तपासणीत बीआरसीए१ या जनुकात दोष निघाला. "दादा, तूही तपासून घे," असं ती बाबांना म्हणाली. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं पडलं, "तो बायकांचा आजार. शिवाय ती त्या घरची, आपला काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी पेशीत डोकवावं लागतं.

आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए म्हणजे दोन पदरांचा लांबच लांब दोरा. त्याला रोज हजारो ठिकाणी इजा होते. ऊन, धूर ही बाहेरची कारणं झाली, पण पेशीतल्या नेहमीच्या घडामोडींमुळेही दोरा झिजतो. तरी आपण धडधाकट राहतो, कारण दुरुस्ती करणारी प्रथिनं सतत कामावर असतात. ही दुरुस्ती कशी चालते, ते उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एकच पदर तुटला तर काम सोपं असतं. पार्प नावाचं प्रथिन तुटलेली जागा हेरतं आणि दुरुस्ती करणाऱ्या इतर प्रथिनांना तिथे बोलावतं. दोन्ही पदर तुटले तर मात्र पेशीच्या जिवावर बेततं. मग दोन मार्ग उरतात. पहिला घाईचा. कू नावाचं प्रथिन दोन्ही टोकं धरतं आणि ती तशीच जोडली जातात. यात मधली काही अक्षरं गळू शकतात. दुसरा मार्ग नीटनेटका. फाटलेलं पान दुसऱ्या प्रतीवरून उतरवून काढावं, तसं पेशी विभागण्याआधी तयार झालेली डीएनएची दुसरी प्रत समोर ठेवून काम होतं. टोकं तयार करायला बीआरसीए१ मदत करतं आणि बीआरसीए२ हे राड५१ या प्रथिनाला नेमक्या जागी आणून बसवतं.

बीआरसीए जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. आत्याची एक प्रत जन्मापासून सदोष होती. दुसरीवर काम भागत होतं. पुढे एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडते. मग तिथे नीटनेटकी दुरुस्ती थांबते, चुका साठत जातात आणि कर्करोगाला वाट मिळते.

इथेच शास्त्रज्ञांना एक युक्ती दिसली. या पेशीचा एक आधार आधीच गेलेला आहे. आता पार्पलाही रोखलं तर? एका पदराचे तुटवे तसेच राहतील, औषधामुळे पार्प डीएनएवर अडकून बसेल, आणि पेशी डीएनएची नवी प्रत काढायला गेली की दोन्ही पदर तुटतील. निरोगी पेशीकडे बीआरसीएची एक चांगली प्रत असल्यामुळे ती बरीचशी सावरते. कर्करोगाच्या पेशीला सावरता येत नाही, ती मरते. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन वेगवेगळ्या गटांनी हे प्रयोगांतून दाखवलं. डिसेंबर २०१४ मध्ये ओलापॅरिब हे अशा प्रकारचं पहिलं औषध युरोप-अमेरिकेत मंजूर झालं, तेही बीआरसीए दोष असलेल्या बीजकोशाच्या कर्करोगासाठी. ज्या दोषाने रोग दिला, तोच रोगाची दुखरी नस ठरला.

आत्या आता याच गोळ्या घेते. रक्त कमी होतं, थकवा येतो, मळमळतं. काहींच्या गाठी कालांतराने दुरुस्तीची क्षमता परत मिळवतात आणि औषध निकामी होतं, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. पण पणजीच्या आजाराला धड नाव नव्हतं. आत्याच्या आजाराला नाव आहे आणि त्यावर नेमकं औषधही आहे.

राहिला बाबांचा प्रश्न. सदोष जनुक मुलगा-मुलगी बघत नाही. ज्याच्याकडे तो असेल, त्याच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. पणजीकडून तो मुलीकडे गेला, तसा मुलाकडेही, म्हणजे आजोबांकडे, जाऊ शकत होता. अशा पुरुषांनाही प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. बाबांनी अखेर रक्त दिलं. दोष निघाला. आता पुढची पाळी माझी आणि ताईची. जनुक सल्लागारांची वेळ आम्ही दोघींनी घेतली आहे.

भीती वाटते का? वाटते. पण माहीत असेल तर तपासण्या लवकर सुरू करता येतात, काही जणींना शस्त्रक्रियेने धोका बराच कमी करता येतो. आणि हेही खरं, की स्तनाच्या कर्करोगांपैकी जेमतेम ५ ते १० टक्के असे वारशाने येतात. घरात एकाला झाला म्हणून सगळ्यांनी तपासणीला धावायचं नसतं. एकाच बाजूच्या दोन-तीन नातलगांना झाला असेल, किंवा कमी वयात झाला असेल, तर डॉक्टरांना विचारायचं. शक्यतो आधी ज्यांना आजार झालाय त्यांची तपासणी करायची, मग बाकीच्यांची.

आपली घरं इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव अशी विखुरलेली आहेत. सासरी गेलेल्या मुलींची माहिती तर दुसऱ्याच वहीत. म्हणून या सुट्टीत आजीपाशी बसा आणि विचारा, कोण कशाने गेलं, किती वयाचं असताना. आजोळ आणि वडिलांचं घर, दोन्हीकडचं लिहून काढा. मी आमच्या कुलवृत्तांतात एक कोरा कागद चिकटवलाय. त्यावर सगळ्यात वर पणजीचं नाव आहे, आणि तिच्या खाली बडोद्याच्या फांदीचंही.