द्राक्षबागेतली शेकोटी

डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या थंडीची बातमी ठरलेलीच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ४-५ अंशांवर, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली येतो. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाची मात्र फुगवण थांबते, मणी तडकतात. वर्षाची मेहनत आणि कर्ज त्या घडांत अडकलेले. मग शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचे पाणी सोडतात.

पारा ३ अंशांवर असतानाही पानावरचे दव गोठते, ते कसे? नोंदीचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे टाकत राहतात व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यांना लागून असलेली हवा गारठते, जड होऊन तळाशी साचते. वरची हवा त्यामानाने उबदार राहते.

धुराचे पांघरूण बागेला ऊब देते, असा समज आहे. तो फारसा खरा नाही. धुराचे कण इतके बारीक, की अवरक्त किरण त्यांतून सहज निसटतात. कामी येते ती आच, आणि तिने ढवळली जाणारी हवा. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. विहिरीचे पाणी तर पहाटेच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते.

विद्यार्थ्यांना हे पडताळता येईल. एक तापमापक रात्री गवतावर उघडा ठेवावा, दुसरा छातीच्या उंचीवर आडोशाला टांगावा. सूर्योदयापूर्वी दोन्ही वाचावेत. ढगाळ रात्रीनंतर पुन्हा.