पाय पट्ट्यावर, नजर अडथळ्यावर

साताऱ्याच्या राजवाड्यापाशी 'काय आबा, कसं काय?' अशी हाक आली, की काही आबा चालता चालता उत्तर देतात, काही जागीच थांबून मग बोलतात. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी वृद्ध निवासातल्या ५८ जणांच्या बाबतीत नेमकं हेच पाहिलं. बोलताना १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले.

चालणं तरुणपणी अंगवळणी पडलेलं असतं. वय वाढलं की तळव्यांची जाणीव, कानातला तोल, स्नायूंची ताकद सगळंच थोडं थोडं उणावतं आणि प्रत्येक पावलाला मेंदूचं लक्ष लागतं. ते हॉर्नकडे गेलं की पाऊल चुकतं. म्हणून नुसते पाय दणकट करून भागत नाही.

या विचारातून तेल अवीवच्या अनात मिरेलमन आणि सहकाऱ्यांनी पाच देशांत एक चाचणी घेतली. ६० ते ९० वयाचे, आधीच्या सहा महिन्यांत निदान दोनदा पडलेले ३०२ जण तिच्यात होते. निम्मे साध्या ट्रेडमिलवर चालले. उरलेल्यांच्या समोर पडदा होता. डोळ्यांवर चढवायचा चष्मा वगैरे काही नाही, हे मला विशेष आवडलं. कॅमेरा पावलं टिपायचा आणि पडद्यावर आपलेच पाय चालताना दिसायचे. वाटेत अडथळे येत, रस्ता फुटे, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी घडत. पाय पुरेसा उचलला नाही तर अडथळ्याला लागलेला तिथल्या तिथे दिसे. अंगाला वरून बांधलेला सुरक्षा पट्टा असल्याने चुकलं तरी पडायची भीती नाही. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, असं सहा आठवडे चाललं.

२०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. पडदेवाल्या गटात सहा महिन्यांतल्या पडण्याचं सरासरी प्रमाण ११.९ वरून ६ वर आलं, नुसत्या ट्रेडमिलवाल्यांत १०.७ वरून ८.३. या सरासरीत पार्किन्सनचे रुग्णही धरलेले आहेत. ते वारंवार पडतात, म्हणून आकडे इतके मोठे दिसतात.

आता कुणी म्हणेल, सांगलीच्या मारुती रोडवर संध्याकाळी चक्कर मारली की हातगाड्या, दुचाक्या, खड्डे सगळे फुकटात मिळतात! मिळतात, पण तिथे सुरक्षा पट्टा नसतो आणि अडथळे बेताबेताने वाढवणारं कुणी नसतं. खरी किमया या दोन गोष्टींत आहे, पडदा त्यांच्यामागून येतो, असं माझं मत. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागणाऱ्या ज्येष्ठांचा दम आणि पाय उत्तम असतात, लक्षाची तालीम मात्र त्यात आपोआप होतेच असं नाही.

कराडला फिजिओथेरपी शिकवणारं महाविद्यालय आहे. मिरज तर डॉक्टर वॉनलेस यांनी तिथे इस्पितळ काढलं तेव्हापासून, म्हणजे १८९४ पासून दवाखान्यांचं गाव. महागडं यंत्र नसलं तरी 'चालता चालता डोक्याला काम' हा व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करता येतो. आधाराचे दांडे दोन्ही बाजूंना, शेजारी माणूस उभा, आणि चालणाऱ्याने सांगलीहून साताऱ्याकडची स्टेशनं म्हणायची: माधवनगर, नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी... कराडपर्यंत न अडखळता पोहोचले, की पुढच्या खेपेला हातात पाण्याचा पेला द्यायचा.