बॉयलरचा राखणदार आणि त्याची वीज



हंगाम जवळ आला की बॉयलर अग्निप्रदीपन होते. आपण पूजेला जमतो, नारळ फोडतो. बॉयलरशेजारच्या खोलीत तारांचे जुडगे आणि लहानसहान दिवे असलेले एक लोखंडी कपाट असते, तिकडे मात्र कोणी पाहत नाही. हिशेबात ‘कंट्रोल पॅनेल, केबल, बॅटरी’ असा खर्च दिसला की प्रश्न येतो, “आबा, पूर्वी माणसंच बॉयलर चालवत होती ना? मग ही पेटी कशाला?” प्रश्न रास्त आहे. पैसा आपल्या उसाचा आहे.

चाळीसगाव भागातील जुन्या मंडळींनी भोरसच्या बेलगंगा कारखान्याच्या चिमणीचा धूर पाहिलेला आहे. त्या पिढीतील बहुतेक साखर कारखान्यांत वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपास असे. फायरमन काचेच्या नळीतील पाण्यावर डोळा ठेवून व्हॉल्व्ह फिरवी. आता सहवीज प्रकल्पांचे बॉयलर ६७, ८७, अगदी ११० किलोवरही चालतात. पाणी येणे थांबले तर वरच्या ड्रममधील साठा काही मिनिटांतच उतरतो. पाणी कमी झाले की नळ्या लाल होऊन फुटतात. जास्त झाले तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतात.

यात आणखी एक फसवणूक आहे. वाफेची मागणी एकदम वाढली की दाब उतरतो, पाण्यातील बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असते. नुसती पातळी पाहणारा नेमका त्याच वेळी पाणी तोडील. म्हणून कंट्रोलर तीन गोष्टी एकदम पाहतो: पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे पाणी.

हा राखणदार हुशार खरा, पण त्यालाही वीज लागते. विहिरीवरच्या मोटारीचे आपल्याला ठाऊक आहे. व्होल्टेज पडले की ती घुरघुरते, दोन फेजवर चालली तर जळते. कारखान्यात मोठी मोटार सुरू होताना असाच झटका बसतो. शिवाय कारखान्याची वीज टर्बाइनवर, टर्बाइन वाफेवर आणि वाफ बॉयलरवर. वीज गेली म्हणून कंट्रोलर झोपला तर ऐन गरजेच्या वेळी पहारा उठला! म्हणून त्याला २४ व्होल्टचा डी.सी. पुरवठा वेगळा द्यायचा आणि मागे बॅटरी ठेवायची. बगॅस टाकणे थांबले तरी जाळीवरचा विस्तव लगेच विझत नाही, पाणी लागतच राहते. म्हणूनच वाफेवर चालणारा राखीव फीड पंपही ठेवतात.

आता तारांचे. पातळीचा निरोप ४ ते २० मिलिॲम्पिअर इतक्या बारीक प्रवाहातून येतो. सुरुवात शून्यापासून का नाही? कारण ४ म्हणजे पातळी तळाला आणि शून्य म्हणजे तार तुटली, हा फरक लगेच कळतो. ही तार मोटारीच्या जाड केबलजवळून नेली तर निरोपात खोट येते. म्हणून तिचा मार्ग वेगळा, तारा पिळलेल्या आणि वर धातूचे वेष्टण. हे वेष्टण एकाच टोकाला अर्थ करायचे. दोन्ही टोकांना केले तर दोन जागच्या अर्थिंगमधील फरकामुळे त्यातूनच प्रवाह फिरू लागतो.

धोक्याच्या पातळीचा रिले कंट्रोलरपासून अलग हवा. वीज असेल तोवरच तो ओढून धरलेला असतो. तार तुटली किंवा वीज गेली की तो सुटतो आणि भट्टीत बगॅस जाणे थांबते. बिघाड झाला तरी यंत्र सुरक्षित बाजूलाच पडले पाहिजे, हे यामागचे तत्त्व.

१८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हापासून आपल्याकडे कायद्याचा विचार सुरू झाला. १९२३ चा कायदा शंभर वर्षे चालला. २०२५ मध्ये नवा आला. पेटी कितीही चांगली असली तरी काचेची नळी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रमाणपत्रधारक अटेंडंट यांना सुट्टी नाही.

बॉयलर बंद पडला की मिल थांबते, टायरगाड्या आणि ट्रॉल्या उभ्या राहतात. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा खाली येतो. नुकसान शेवटी आपल्याच बिलात उतरते. तेव्हा पुढच्या सभेत ‘पेटी कशाला’ हे जरूर विचारा, पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. हंगामापूर्वी बॅटरी भार देऊन तपासली का? अर्थिंगचे खड्डे मोजले का? कमी पाण्याचा ट्रिप प्रत्यक्ष चालवून पाहिला का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तर गव्हाणीत मोळी निर्धास्त टाकावी.