गोदावरीपलीकडचा रुपया

पुण्याच्या येरवड्यातून निघणारा नगर रस्ता टोक्याजवळ गोदावरी ओलांडून कायगावला पोचतो. नदीच्या अलीकडे 1947 पर्यंत इंग्रजांचा नगर जिल्हा होता, पलीकडे 1948 पर्यंत निजामाचा मुलूख. म्हणजे पूल ओलांडला की रुपयाच बदलायचा. अलीकडे कलदार, पलीकडे हाली सिक्का.

दर साधारण सात हालीला सहा कलदार. शंभर कलदार हवे असतील, तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजायचे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने 700 हालीची रक्कम उभी केली, तरी नगरच्या पेठेत ती 600 कलदारच.

हा फरक कुणाच्या मर्जीचा नव्हता, तो चांदीतच होता. कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी. हाली रुपया 11.18 ग्रॅमचा आणि चांदी 81.8 टक्के. शुद्ध चांदीपुरता हिशेब मांडून पाहा, प्रमाण जवळपास सातास सहाच येते. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हाली नाण्यावर चारमिनार आहे, त्याच्या कमानीत त्यांच्या नावाचे ‘ऐन’ हे अक्षर. जुन्या पेटीत असे नाणे सापडले, तर आधी ती कमान पाहावी.

1950 मध्ये भारतीय रुपया याच दराने हैदराबाद राज्यात आला. पुढच्या वर्षी हालीची नवी नाणी-नोटा काढणे थांबले. चलनातून ती पूर्ण बाद झाली 1959 मध्ये, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर तीन वर्षांनी.