जठरपट्ट्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार : घास लहान, पोषण पूर्ण

लठ्ठपणा हा केवळ खादाडपणाचा परिणाम होय आणि मनावर घेतले की तो सहज घालविता येतो, असा समज आपल्या समाजात अजूनही रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अनुवंश, अंतःस्रावी ग्रंथींचे कार्य, बैठे व्यवसाय, अपुरी झोप, काही औषधे आणि तेल-साखरेने भरलेल्या तयार खाद्यपदार्थांची सुलभता अशी अनेक कारणे त्यामागे असतात. 2019-21 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 15 ते 49 या वयोगटातील सुमारे 24 टक्के स्त्रिया आणि 23 टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. मधुमेह, उच्च रक्तदाब, सांधेदुखी आणि झोपेतील श्वासरोध या विकारांची मुळे पुष्कळदा याच वाढत्या वजनात असतात.

आहारनियमन, व्यायाम आणि औषधे यांनी वजन आटोक्यात येत नसेल, तर काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता देहभार निर्देशांक मिळतो. 1.60 मीटर उंचीच्या व 90 किलो वजनाच्या व्यक्तीचा हा निर्देशांक सुमारे 35 येतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार 35 वा त्याहून अधिक निर्देशांक असलेल्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेहादी विकार जडत असल्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा 27.5 इतकी खाली आणली आहे.

जठराभोवती पट्टा बसविणे हा या शस्त्रक्रियांपैकी एक प्रकार होय. एके काळी तो जगभर लोकप्रिय होता. आता त्याची जागा जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेने आणि 'बायपास' शस्त्रक्रियेने बव्हंशी घेतली आहे. तथापि, पूर्वी बसविलेले पट्टे घेऊन वावरणारे रुग्ण आजही अनेक आहेत. पट्ट्याचे युग ओसरले म्हणून त्यांच्या आहाराचा प्रश्न संपलेला नाही.

पट्टा काय करतो?

फुगवून कमी-अधिक घट्ट करता येणारा सिलिकोनचा पट्टा अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. लुबोमिर कुझमाक यांनी 1986 मध्ये वापरात आणला. 1993 मध्ये बेल्जियममधील डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता बसविला. 2001 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पट्ट्यास मान्यता दिली.

अन्ननलिका जठरास मिळते त्या ठिकाणाच्या किंचित खाली हा पट्टा बसवितात. त्यामुळे पट्ट्याच्या वर जेमतेम दोन-तीन मोठे चमचे अन्न मावेल एवढी लहानशी पिशवी तयार होते. पट्ट्याच्या आतील बाजूस एक पोकळ नळीसारखा कप्पा असतो. पोटाच्या कातडीखाली बसविलेल्या लहान डबीशी तो नळीने जोडलेला असतो. डॉक्टर सुईने त्या डबीत निर्जंतुक क्षारजल भरतात किंवा त्यातून काढून घेतात आणि त्यानुसार पट्टा आवळला वा सैल केला जातो.

पट्टा म्हणजे अन्नाची वाट अडविणारा बांध, अशी पुष्कळांची कल्पना असते. ती बरोबर नाही. नीट चावलेला लहान घास पट्ट्यातून हळूहळू पुढे सरकतो. सरकताना जठराच्या त्या भागावर दाब पडतो आणि तेथील मज्जातंतू मेंदूला तृप्तीचा संदेश पोहोचवितात. म्हणजेच थोड्या अन्नात भूक शमविणे हे पट्ट्याचे खरे कार्य होय. हे कार्य घडावयाचे तर घास लहान हवा, तो चांगला चावलेला हवा आणि पहिला घास खाली उतरल्यावरच दुसरा घ्यावयास हवा.

पट्टा काय करीत नाही?

पट्टा अन्नाची पारख करीत नाही. भाकरीचा तुकडा त्याच्याजवळ थांबतो, परंतु आइस्क्रीम, गोड लस्सी, उसाचा रस आणि शीतपेये त्यातून विनासायास निघून जातात. वाटीभर उसळ खाऊन जे समाधान मिळते ते या पदार्थांनी मिळत नाही, उष्मांक मात्र त्याहून अधिक पोटात जातात. शस्त्रक्रिया होऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या आहाराची चौकशी करताना आहारतज्ज्ञ प्रथम पेयांविषयी विचारतात, ते याच कारणास्तव.

पहिले सहा आठवडे

शस्त्रक्रियेनंतर पट्ट्याभोवतीचा भाग भरून येण्यास अवधी द्यावा लागतो. या काळात उलटी झाल्यास पट्टा जागेवरून सरकण्याची भीती असते. म्हणून आहार टप्प्याटप्प्याने वाढवितात. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडेफार वेगळे असते व रुग्णाने आपल्याच डॉक्टरांचे पाळावे. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

पहिले एक ते दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ : साय काढलेले दूध, पातळ ताक, वरणाचे गाळलेले पाणी, भाज्यांचे गाळलेले सार. हे सर्व घोटाघोटाने घ्यावयाचे असते.

त्यानंतरचे सुमारे दोन आठवडे घोटलेले पदार्थ : घोटलेले मुगाचे वरण, दुधी-भोपळ्याचा गर, गुठळ्या न राहिलेली नाचणीची आंबील, घट्ट पण मऊ दही.

त्यापुढील एक-दोन आठवडे मऊ पदार्थ : मऊ शिजविलेली मुगाची खिचडी, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे, काटे काढून कुस्करलेला मासा, शिजविलेले सफरचंद.

साधारणतः पाच-सहा आठवड्यांनी घरचे नेहमीचे घन अन्न सुरू होते. पट्ट्यात प्रथम क्षारजल भरण्याची वेळही याच सुमारास येते. तोपर्यंत भूक लागणे स्वाभाविक असते. त्यामुळे शस्त्रक्रिया फसली असे समजून निराश होण्याचे कारण नाही.

वाटीचे माप

पुढील आयुष्यातील एका जेवणाचे माप म्हणजे सुमारे 125 मिलिलिटर, अर्थात आमटीची एक लहान वाटी. पोळी, भाजी, वरण असे सारे काही मिळून एवढेच. एवढे अन्न मोठ्या ताटात वाढले तर ते केविलवाणे दिसते व हात आपोआप पुढे जातो. यास्तव लहान ताटली आणि लहान चमचा वापरणे हिताचे ठरते. अन्न पातेल्याजवळ बसून न घेता एकदाच वाढून घ्यावे.

घास करंगळीच्या नखाएवढा असावा. तो पंधरा-वीस वेळा चावावा, गिळल्यावर चमचा खाली ठेवावा आणि मिनिटभर थांबावे. या गतीने लहान वाटीभर अन्नास वीस ते तीस मिनिटे लागतात. भूक शमल्याची पहिली जाणीव होताच, ताटलीत दोन घास उरले असले तरी, जेवण थांबवावे. पानात अन्न टाकू नये हा संस्कार मोलाचा आहे. तो पाळण्याचा योग्य मार्ग म्हणजे मुळात कमी वाढून घेणे हा होय, भरल्या पोटी आणखी दोन घास ढकलणे हा नव्हे.

काही पदार्थ पट्ट्यापाशी अडकण्याचा संभव अधिक असतो. ताजा मऊ पाव, चिकट भात, जाड पोळी, मटणाचे चिवट तुकडे, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडींवरील साल व सुके खोबरे ही त्यांची उदाहरणे होत. पावाऐवजी कडक भाजलेला टोस्ट, पोळीऐवजी पातळ फुलका किंवा वरणात भिजविलेली ज्वारीची भाकरी आणि मटणाऐवजी मासा वा खिमा असे पर्याय बहुतेकांना मानवतात.

प्रथिनांचा हिशेब

खाणे कमी झाले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ती झीज रोखण्यासाठी दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जातील असे पाहावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. भात-पोळीवर भर असलेल्या आपल्या नेहमीच्या जेवणातून लहान वाटीच्या मापाने एवढी प्रथिने मिळणे कठीण असते. म्हणून जेवणाची सुरुवात प्रथिनयुक्त पदार्थाने करावी, नंतर भाजी घ्यावी आणि उरलेल्या जागेत भाकरी वा भात बसवावा.

शाकाहारी व्यक्तीचा एक दिवसाचा ढोबळ हिशेब असा मांडता येईल : दोन-तीन वेळा मिळून 400 मिलिलिटर साय काढलेले दूध, 13 ग्रॅम, 75 ग्रॅम पनीर, 13 ग्रॅम, 30 ग्रॅम सोयाबीनचे पीठ, 12 ग्रॅम, 30 ग्रॅम मूगडाळीचे वरण, 7 ग्रॅम, 30 ग्रॅम मटकीची उसळ, 7 ग्रॅम, वाटीभर दही, 3 ग्रॅम, आणि ज्वारीची अर्धी भाकरी, 3 ग्रॅम. बेरीज 58 ग्रॅम होते. मांसाहारी कुटुंबात एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम आणि 75 ग्रॅम मासळी वा कोंबडीतून सुमारे 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. हे पदार्थ एकाच वेळी न खाता तीन जेवणे व दुधाच्या वेळा यांत विभागावयाचे असतात.

पट्ट्यामुळे अन्नाचे शोषण कमी होत नाही, परंतु अन्नच कमी जात असल्याने लोह, कॅल्शियम, फॉलिक आम्ल तसेच ड व ब-12 ही जीवनसत्त्वे यांची उणीव पडू शकते. शाकाहारी व्यक्तींना ब-12 ची उणीव मुळातच असण्याचा संभव अधिक. यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या रोज घ्याव्यात व ठराविक काळाने रक्ताची तपासणी करवून घ्यावी. गोळी मोठी असेल तर ती कुटून घेता येते काय, हे विचारूनच ठरवावे. काही गोळ्या कुटून घेणे योग्य नसते.

पाणी केव्हा प्यावे?

जेवताना घोटभर पाणी पिण्याची सवय येथे मोडावी लागते. अडकलेला घास पाण्याने ढकलण्याचा प्रयत्न केल्यास कळ येते किंवा उलटी होते, आणि तृप्तीची जाणीवही लवकर ओसरते. जेवण संपल्यावर अर्धा तास थांबून पाणी प्यावे. उरलेल्या दिवसात मात्र दीड ते दोन लिटर पाणी थोडे थोडे करून जावयास हवे. पाणी, साखरेविना लिंबूपाणी व पातळ ताक ही उत्तम पेये होत. सोड्याची पेये टाळावीत.

घट्ट पट्टा म्हणजे चांगला पट्टा नव्हे

वजन उतरण्याची गती मंदावली की पट्टा आणखी आवळून द्यावा, असा आग्रह काही रुग्ण धरतात. येथेच मोठी चूक होते. पट्टा प्रमाणाबाहेर घट्ट झाला की उसळ, भाकरी, भाजी हे सकस अन्न खाली उतरेनासे होते. मग माणूस बिस्किटे चहात बुडवून खातो, आइस्क्रीम व मिल्कशेककडे वळतो आणि वजन पुन्हा चढू लागते. तोंडात आंबट पाणी येणे, रात्री खोकल्याची उबळ येणे, वरचेवर उलटी होणे ही पट्टा अधिक घट्ट झाल्याची चिन्हे होत. अशा वेळी पट्टा सैल करून घेणे हाच उपाय असतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो या गतीने वजन उतरत असेल, लहान वाटीभर घन अन्न सुखाने जात असेल आणि पुढच्या जेवणापर्यंत भूक सतावत नसेल, तर पट्टा योग्य आहे असे समजावे.

सण, उपवास आणि पंगत

आपल्याकडे आग्रह हा आदरातिथ्याचा भाग मानला जातो. पट्टा असलेल्या पाहुण्याला मात्र 'आणखी एक पुरणपोळी' हा आग्रह त्रासदायकच नव्हे, तर धोक्याचाही ठरू शकतो. घरातील वडीलधाऱ्यांनी व यजमानांनी ही गोष्ट एकदा समजून घेतली की रुग्णाचा निम्मा भार हलका होतो. सणाच्या दिवशी गोडाचा एखादा लहान घास शेवटी चवीपुरता घेण्यास हरकत नसते.

उपवासाचा विचार अधिक काळजीपूर्वक करावा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वडे यांत पिष्ट व तेल भरपूर, प्रथिने थोडी. शिवाय साबुदाणा चिकट. त्याऐवजी दूध, दही, पनीर आणि वरीचे मऊ तांदूळ चालू शकतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी एकादशी असो वा रोजा, डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपाशी राहू नये. वजन उतरत असताना या औषधांची मात्राही बदलावी लागते.

धोक्याची चिन्हे

घास अडकून छातीत दाटल्यासारखे झाले तर खाणे थांबवावे, उठून सावकाश फिरावे व पाणी पिऊ नये. बहुधा थोड्या वेळात आराम पडतो. परंतु पाण्याचा घोटही खाली जात नसेल, पोटात तीव्र व सतत कळ येत असेल, ताप आला असेल किंवा डबीच्या जागी लाली व सूज दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पट्टा सरकला, जठराच्या भित्तिकेत रुतला किंवा जंतुसंसर्ग झाला, असे त्याचे कारण असू शकते. अनेक दिवस चाललेल्या उलट्यांमुळे ब-1 जीवनसत्त्वाची उणीव होऊन मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे असून त्यांवर विनाविलंब उपचार झाले पाहिजेत.

गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर किमान वर्ष-दीड वर्ष लांबणीवर टाकावी. गर्भारपणात गरजेनुसार पट्टा सैल करता येतो. अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत व तंबाखू पूर्णपणे सोडावी.

पट्टा बसवून दहा-पंधरा वर्षे झाली आणि त्रास काहीच नाही, म्हणून तपासणी थांबविणे योग्य नव्हे. पट्ट्याचे काही उपद्रव वर्षानुवर्षांनी उद्भवतात व प्रसंगी तो काढूनही टाकावा लागतो. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली ते आता उपलब्ध नसतील, तर शस्त्रक्रियेची कागदपत्रे घेऊन दुसऱ्या जाणकार शल्यचिकित्सकाकडे जावे. पट्ट्याचा प्रकार व त्यात भरलेल्या क्षारजलाचे प्रमाण यांची नोंद जवळ बाळगणे यासाठी आवश्यक आहे. वजन, रक्तदाब, रक्तातील साखर व हिमोग्लोबिन या तपासण्या तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकतात. वर्षातून एकदा त्या करवून घेणे आणि रोजच्या लहान वाटीत डाळ, उसळ, दूध व भाजी यांना पहिला मान देणे, एवढे सांभाळले तर पट्टा असलेल्या माणसाला कुटुंबाच्या पंगतीत बसून, घरचेच अन्न खाऊन निरोगी राहता येते.