पालथी वाटी

पेणहून आलेली मेमू कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला थांबते. गणिताच्या बाई लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून उतरतात, मी त्यांच्या मागोमाग.

दहावीचा वर्ग. प्रत्येकापुढे दोन वह्या, बीजगणिताची आणि भूमितीची. बोर्डाची पुस्तकंही दोन, पेपरही दोन. त्यामुळे एकाच विषयाचं पोरांच्या मनातही वाटप होऊन जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाई भिंतीवर जिओजेब्रा लावतात. साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी हाती घेतलेलं हे सॉफ्टवेअर. नावातच जिओमेट्री आणि अल्जिब्रा शेजारी बसलेत.

"वाय बरोबर एक्स वर्ग अधिक बी एक्स अधिक 4." वाटीसारखा वक्र उमटतो. "बी बदलला तर वाटी कुठे जाईल?"

"बाजूला!" अख्खा वर्ग ओरडतो.

पहिल्या बाकावरची मुलगी माउस धरते. बी शून्यावरून उणे होत जातो, तशी वाटी उजवीकडे सरकते खरी, पण खालीही उतरते. उणे 4 वर तिचा तळ आडव्या अक्षाला अलगद टेकतो. विवेचक 16 वजा 16, शून्य. आणखी पुढे नेताच तळ अक्षाखाली बुडतो आणि एकाच जागी असलेली दोन मुळं दोन्हीकडे फाकतात. ती परत मागे येते, पुन्हा टेकवते. 'मुळं समान' हे आजवर नुसतं पाठ होतं, आता ती ते बोटाने करून बघतेय.

बाई तळाच्या बिंदूचा ट्रेस चालू करतात. ठिपके उमटत जातात, शून्यापलीकडे, अधिककडेही.

"बाई, पालथी वाटी!"

"का?"

शांतता. पडदा एवढंच दाखवतो, कारण सांगत नाही. ते शोधायला बीजगणिताची वही उघडावी लागते, आणि बाई उत्तर न देता थांबतात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पूर्ण वर्ग करून तळ सापडतो: एक्स म्हणजे उणे बी भागिले 2, वाय म्हणजे 4 वजा बी वर्ग भागिले 4.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठतो. "बी वर्ग भागिले 4 म्हणजे एक्सचाच वर्ग की!"

मुलगी टाइप करते, वाय बरोबर 4 वजा एक्स वर्ग. नवी रेघ ठिपक्यांवरून जाते, एकही बाहेर राहत नाही.