बदलीचा हुकूम आणि पाचवीतली मुलगी

एप्रिल आणि मे हे महिने सरकारी कचेऱ्यांत बदल्यांचे आणि घरोघरी परीक्षांच्या निकालांचे. महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे नियमन करणारा अधिनियम २००५ साली झाला. सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात, असे त्यात म्हटले आहे. हेच महिने शाळांच्या सुट्टीचेही असावेत हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. तथापि राज्य कर्मचाऱ्याची बदली झाली तरी ती राज्याच्या सीमेतच होते; जिल्हा बदलतो, पाठ्यपुस्तक बदलत नाही. केंद्रीय खाती, रेल्वे, बँका, विमा कंपन्या यांतील कर्मचाऱ्याचे तसे नाही. त्याच्या हुकुमावर कोणत्या गावाचे नाव येईल, हे हुकूम हाती पडेपर्यंत त्याला ठाऊक नसते.

उदाहरणादाखल सांगलीतील एक कुटुंब घेऊ. नवरा एका केंद्रीय खात्यात बारा-तेरा वर्षे नोकरी केलेला. बढती मिळाली आणि नेमणूक कोईमतूरला झाली. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. मुलगी मराठी माध्यमातून चौथी उत्तीर्ण झालेली, मुलगा पहिलीत जाणारा. घरात वृद्ध आई. पेढे वाटले जातात आणि रात्री जेवणे झाल्यावर खरा प्रश्न पुढे येतो : सगळ्यांनी जायचे की एकट्याने? या प्रश्नापाशी येऊन बढतीच नाकारणारे कर्मचारी प्रत्येक कचेरीत दोन-चार सापडतात. त्यांना महत्त्वाकांक्षा नाही असे सहकारी म्हणतात. वास्तविक त्यांनी एक हिशेब मांडलेला असतो आणि तो नेहमीच चुकीचा नसतो.

सरकारला या स्थलांतराचा हिशेब मांडता येत नाही असेही नाही. केंद्रीय नियमांनुसार १,००० किलोमीटरपर्यंतच्या बदलीस रुजू होण्यासाठी १० दिवस, २,००० पर्यंत १२ आणि त्यापलीकडे १५ दिवस मिळतात. सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांत बदली अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के आहे. म्हणजे ४४,९०० रुपये मूळ वेतन असल्यास ३५,९२० रुपये. सामानाच्या वाहतुकीची मर्यादाही किलोग्रॅममध्ये ठरलेली आहे. शिक्षण भत्ता आहे, वसतिगृहासाठी वेगळे साहाय्य आहे. पलंग, कपाट, शिवणयंत्र यांच्या वजनाचा विचार इतक्या बारकाईने झालेला आहे की हेवा वाटावा. ज्याचे वजन करता येत नाही ते मात्र या हिशेबात कुठेच नाही. पत्नीची नोकरी जाते, तिची भरपाई नाही. आणि मुलीने चार वर्षांत जे मिळवले, म्हणजे वर्गातले स्थान, बाईंचा विश्वास, वाचनाचा वेग, ज्या भाषेत ती विचार करते त्या भाषेतले प्रभुत्व, त्याचे मूल्य नव्या गावी एका दिवसात निम्म्याखाली उतरते. अर्थशास्त्रात ज्याला मानवी भांडवल म्हणतात त्याचा बराच भाग असा स्थानिक असतो. तो ट्रकमध्ये चढत नाही.

अर्थात स्थलांतर ही या देशात नवलाची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत जन्मस्थान किंवा आधीचे वास्तव्य सोडून आलेल्यांची संख्या ४५ कोटींवर भरली. त्यात सर्वांत मोठा वाटा विवाहामुळे गाव सोडलेल्या स्त्रियांचा आहे. म्हणजे वरील कुटुंबातही गाव बदलण्याचा सर्वांत जास्त अनुभव असलेली व्यक्ती नवरा नसून पत्नी आणि सासू याच आहेत. आणि नेमका त्यांचाच सल्ला शेवटी घेतला जातो.

कोईमतूर हे नाव सांगली जिल्ह्यात तसे परकेही नाही. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ पेठांतून पसरले आहेत. त्यांना कुणी बदली अनुदान दिले नाही. गावातला एखादा आधी जायचा, भट्टी मांडायचा, मग भाऊ, मेहुणा, त्यांच्या मागून बायका-मुले. मुलांचा प्रश्न त्यांनी दोन तऱ्हांनी सोडवला. काहींनी मुले गावी आजी-आजोबांपाशी ठेवली. काहींनी तिथल्या शाळेत घातली आणि ती मुले तिथली भाषा दुकानातल्या गिऱ्हाइकांशी बोलता बोलता शिकली. या कुटुंबांकडून नोकरदाराने शिकण्यासारखी गोष्ट एकच : त्यांनी घर शोधण्याआधी माणसे शोधली. परगावी पहिल्या सहा महिन्यांत मुलाला लागणारी वस्तू म्हणजे शाळेबाहेर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे एखादे घर. ते घर कोणत्या गल्लीत आहे हे सांगलीत असतानाच विचारून ठेवता येते. उलट बहुतेक अधिकारी कचेरीजवळ घर घेतात. घर शाळेजवळ घ्यावे आणि बसचा प्रवास बापाने करावा, हा साधा विचारही फार थोड्यांना सुचतो.

आता शाळेचा प्रश्न. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क दिला. राज्याबाहेरची शाळाही त्यात आली. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असे कलम ५ सांगते. ऐकायला हे दिलासा देणारे आहे. परंतु त्याच कलमात एक अपवाद आहे, तो पालकांच्या लक्षात येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळा आणि केंद्रीय विद्यालयांसारख्या विशेष प्रवर्गातील शाळा या हक्कातून वगळलेल्या आहेत. म्हणजे हक्क आहे तो तिथल्या सरकारी व अनुदानित शाळांत, जिथे बहुधा तमिळ माध्यम. आणि मध्यमवर्गीय पालक ज्या शाळेच्या दारात उभा राहतो ती शाळा हक्काबाहेर. केंद्रीय विद्यालये १९६३ पासून सुरू झाली ती बदल्या होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच. त्यांच्या प्रवेशात गेल्या सात वर्षांतील बदल्यांची संख्याही पाहिली जाते. साहजिकच पहिल्यांदाच बदली झालेला माणूस रांगेत मागे राहतो. शिवाय त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मेमध्ये हुकूम आला तर मुलगी एका चालत्या वर्गात शिरते.

अशा वेळी नव्या शाळेत एक प्रस्ताव पुढे येतो आणि वडील तो फार लवकर मान्य करतात. "मुलगी मराठी माध्यमातली आहे, इंग्रजी कच्चे आहे, पुन्हा चौथीत बसवू." कधी त्याआधी एक छोटी चाचणीही घेतली जाते. प्राथमिक वर्गांच्या प्रवेशासाठी अशी चाळणी लावणे हा कायद्याने गुन्हा आहे; पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण प्रवेश हवा असलेला बाप दंडाचे कलम दाखवत बसत नाही, हेही खरेच. म्हणून या प्रस्तावाचे मोल नीट पाहिले पाहिजे. मुलगी एक वर्ष मागे बसली तर वाया गेलेले वर्ष चौथीचे नसते. ते तिच्या कमाईच्या आयुष्यातले एक वर्ष असते, आणि ते कापले जाते तीस-पस्तीस वर्षांनंतर, पगार सर्वांत जास्त असताना. त्याहून वाईट म्हणजे गणितात हुशार असलेली मुलगी आधीच शिकलेले भागाकार दुसऱ्यांदा करते आणि आपण मागे पडलो असे समजून करते. तिला अडचण भाषेची होती. शिक्षा मात्र सगळ्याच विषयांत झाली. शाळेला हा उपाय स्वस्त पडतो, कारण वेगळे शिकवायला शिक्षक द्यावा लागत नाही. दहा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तरी पालकांनी हा प्रस्ताव नाकारावा. वयानुरूप वर्ग आणि लागल्यास विशेष अध्यापन हीच कायद्याची दिशा आहे. त्याऐवजी वर्गशिक्षिकेला भेटून एवढेच मागावे की पहिल्या सहामाहीत मुलीला तोंडी उत्तरे मोडक्या भाषेत देऊ द्यावीत आणि त्या सहामाहीच्या गुणांवरून तिच्याविषयी मत बनवू नये.

भाषेच्या तयारीला दोन महिने पुरत नाहीत, परंतु भीती घालवायला पुरतात. राज्य मंडळाच्या शाळांत तमिळ शिकणे अनिवार्य करणारा कायदा तमिळनाडूने २००६ साली केला. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठीसाठी असा कायदा केलाच आहे, तेव्हा तक्रार करण्यास जागा नाही. देवनागरी येणाऱ्या मुलाला हिंदीची लिपी फुकट मिळते, तशी तमिळची मिळत नाही. मात्र मराठी मुलीला वाटते तितकी ती भाषा परकी नाही. तमिळमध्ये मोठ्या बहिणीला अक्का आणि मोठ्या भावाला अण्णा म्हणतात. सांगलीच्या मुलीला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ळ हा उच्चार उत्तरेकडच्या मुलांना जड जातो, तो तिच्या जिभेवर तयार आहे. क, ख, ग, घ या चार अक्षरांचे काम तिथे एकच अक्षर करते, हे कळल्यावर तर बहुतेक मुलांना आनंदच होतो. सुट्टीत रोज एक अक्षर आणि पाच शब्द, एवढ्याने शाळेच्या पहिल्या दिवशी फळ्यावरचे काहीतरी ओळखीचे निघते. पाचवीत 'मोठ्या शाळेत' जाण्याची वाट पाहणाऱ्या मुलीला आणखी एक गोष्ट आधी सांगावी : तिथे पाचवी हा प्राथमिक शाळेचाच शेवटचा वर्ग असतो. मोठ्यांना ही बाब क्षुल्लक वाटते. तिला वाटत नाही.

परतीचा विचार मात्र जवळजवळ कुणीच करत नाही. नोकरी फिरतीची असेल तर तीन-चार वर्षांनी कुटुंब महाराष्ट्रात येणार, तेव्हा मुलगी आठवी-नववीत असणार आणि तिची मराठी चौथीत थांबलेली असणार. यावर उपाय महाग नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात, १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक आहे. रोज रात्री अर्धा तास आईने किंवा आजीने वाचून घेतले तरी पुरते. आजी बरोबर असण्याचा हा एक फायदा बदली अनुदानाच्या कोणत्याही तक्त्यात दाखवता येणार नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात : दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी, कारण परराज्यातील अनेक शाळा ती मागतात, दाखला मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर जवळ ठेवावे, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि प्रगतिपुस्तके हाताशी असलेल्या पिशवीत न्यावीत, ट्रकमध्ये टाकू नयेत. अनुसूचित जाती-जमातीतील कुटुंबांना एक गोष्ट आधीच ठाऊक हवी. स्थलांतर केलेल्या राज्यात मूळ राज्यातील जातीच्या दाखल्याचा आरक्षणासाठी लाभ मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली दिला. मुले मोठी असतील तर हा मुद्दा पगारवाढीपेक्षा जड ठरू शकतो. त्याचप्रमाणे महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी इथून झालेली असणे पाहिले जाते. सरकारी बदलीवर गेलेल्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, खासगी नोकरदारांना त्या गृहीत धरता येत नाहीत. म्हणून मूल नववीत किंवा त्यापुढे असेल तर दोन चुली पेटवण्याचा खर्च सोसावा, पाचवीच्या आत असेल तर सगळ्यांनी जावे. मधल्या वर्गांबद्दल ठाम नियम सांगणे कठीण. तिथे मुलाचा स्वभाव पाहावा.

दोन चुलींचा खर्च भाड्यापुरता नसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बाप महिन्यातून एकदा दिसणार असेल तर वाचलेला पगार कुठल्या खात्यावर जमा धरायचा, हे सांगणे कुणाही हिशेबनीसाला अवघड आहे. आणि हा सारा ऊहापोह ज्यांना परवडतो त्यांच्याबद्दलच चालला आहे हेही विसरता कामा नये. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारे जोडपे, ज्याला 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून उचल घेते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडीने किंवा ट्रकने साखरपट्ट्याकडे निघते. शाळेचे दुसरे सत्र तेव्हाच सुरू होते. त्यांचे मूल दरवर्षी शाळा सोडते आणि दरवर्षी परत येते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण तीत मुलाला आई-बापाशिवाय राहावे लागते. भाषा न बदलता, राज्य न ओलांडताही शाळा कशी तुटते, हे तिथे दिसते.

सांगलीच्या कुटुंबाने सगळ्यांनी जायचे ठरवले असे समजू. बारा दिवसांत रुजू व्हायचे म्हणून वडील पुढे जातील, घर आणि शाळा पाहतील. ट्रक मेच्या अखेरीस निघेल. त्याआधी मुलीला तिच्या शाळेत एकदा न्यावे, बाईंना भेटू द्यावे, मैत्रिणींचे पत्ते तिच्याच अक्षरात वहीत उतरवून घ्यावेत. दाखला घ्यायला वडिलांनी एकट्याने जाऊ नये. त्या छापील दाखल्यात मातृभाषेचा एक रकाना असतो, त्यात 'मराठी' असे लिहिलेले असते. आणि खाली 'शाळा सोडण्याचे कारण' असा दुसरा. शाळेचा लिपिक तिथे 'वडिलांची बदली' असे लिहितो, शिक्का मारतो आणि शाई वाळेपर्यंत कागद तिच्या हातात देतो.